चौरस मीटरमागे चित्र

पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्यात शासकीय इमारत उभी राहिली की तिच्यावर वारली चित्रे येतात. आश्रमशाळा असो, पंचायत समिती असो की दवाखान्याची संरक्षक भिंत असो, गेरूच्या रंगाचा पट्टा ओढायचा, त्यावर पांढरी माणसे, मध्ये तारपा फुंकणारा तारपेवाला, कोपऱ्यात झोपडी आणि ताडाचे झाड. अंदाजपत्रकात हे काम बहुतेकदा रंगकामात धरलेले असते आणि त्याचा दर चौरस मीटरला असतो. उद्घाटनाची तारीख ठरली की ठेकेदार ते घाईने उरकतो. गावातली चित्र काढणारी बाई त्या भिंतीसमोरून रेशन आणायला जाते, तिला कोणी विचारलेले नसते.

ही पद्धत मला मान्य नाही. पण तिची बाजू घेणारी माणसे मूर्ख किंवा लबाड नाहीत, म्हणून एकट्याने बोलण्यापेक्षा दोघांना बोलू देतो. दोघेही मी रचलेले आहेत, मुद्दे मात्र या भागात ऐकू येणारे आहेत. एक मामा, सार्वजनिक बांधकाम विभागातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेले. दुसरी त्यांची भाची, आश्रमशाळेत चित्रकला शिकवणारी. घर वारल्यांचेच. मोखाडा तालुक्यात एखादी नवी शासकीय इमारत व्हायची आहे, आणि तिच्या भिंतींचे काय करायचे हा प्रश्न आहे, एवढे धरून चालू.

मामा : आधी हे सांग, तुझा राग कशावर आहे? चित्र काढतात यावर, की दर लावतात यावर?

भाची : दर लावायलाच पाहिजे, मामा. फुकट कोणी का काढावं? पण चौरस मीटरवर पैसे मिळायला लागले की रंगारी भिंत भरायला बघतो. पत्र्याचा छापा कापून घेतो आणि एकच माणूस चाळीस वेळा उमटवतो. आपल्यातला माणूस दोन त्रिकोणांचा, हे आता शहरातल्या पोरांनाही पाठ आहे. पण ते दोन त्रिकोण जिथं टेकतात ती कंबर असते, आणि तिच्यातच सगळा जीव असतो. लावणी करणारी बाई कमरेतून वाकते, मोळी घेतलेली वेगळी कलते, दारू प्यालेला वेगळा. छाप्यातली माणसं सगळी सरळ, जशी झेंडावंदनाला उभी केलीत.

मामा : येणाऱ्या-जाणाऱ्याला कळतं का ते?

भाची : तारप्याचा नाच बघा मग. खरी रांग गुंडाळत जाते, तिचं टोक मोकळं असतं. पुढचा घुंगरकाठी आपटतो, तो वळवेल तशी रांग वळते, आणि तारपेवाल्याकडं कोणी पाठ करत नाही. छाप्यात नाच गोल बंद करून टाकतात. पुढचा कोण ते दिसत नाही, नवीन माणूस शिरणार कुठून तेही दिसत नाही. ज्यानं एकदा त्या रांगेत हात धरलाय त्याला हे लांबूनही कळतं. मोखाड्याच्या कचेरीत दाखल्यासाठी ताटकळणारे बहुतेक तेच आहेत.

इथे मामा गप्प बसले नाहीत, आणि बसूही नयेत.

मामा : मला नाही का कळत? मीही नाचलोय. पण निविदा कशासाठी आली ते तू विसरतेस. नावानं काम दिलं की पहिल्या वर्षी ते चांगल्या हाताला मिळतं आणि दुसऱ्या वर्षी पुढाऱ्याच्या मेहुण्याला. निविदेत निदान कागद राहतो. लेखापरीक्षणाला आलेला माणूस विचारणार, याच बाईला का? तिची रेघ चांगली, हे मी कुठं लिहू? मोजमाप पुस्तिकेत रकाने आहेत नग, लांबी, रुंदी, उंची आणि परिमाण. रेघेला रकाना नाही.

भाची : आणि त्या कागदासाठी काय काय लागतं? ठेकेदार म्हणून नोंदणी, जीएसटी क्रमांक, बयाणा रक्कम, डिजिटल स्वाक्षरी. लग्नाचा चौक काढणारी सवाशीण हे कुठून आणणार? तुमची निविदा मेहुण्याला अडवत नाही, मामा. ती बाईला अडवते. मेहुण्याकडं सगळे कागद असतात.

या दोन वाक्यांतच सगळा पेच आहे. मामांची भीती खरी आहे. निवड माणसाच्या नजरेवर सोडली की वशिला शिरतो. पण निवड कागदावर सोडली की चित्रकार बाहेर राहतो आणि कागद सांभाळणारा आत येतो, आणि तो पुढे दिवसाच्या मजुरीवर कोणालातरी भिंतीशी उभे करतो.

नजरेवर विसंबून झालेली मोठी कामे आपल्याकडे आहेत. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशांचे नाव जगाला कळले ते निविदेतून नव्हे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचा चित्रकार डहाणूच्या पाड्यांवर हिंडत होता. बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांच्या हाती कागद देण्याचे काम त्याने आधी केले होते. तिथल्या गंजाडला त्याने म्हशांचा हात पाहिला, कागद दिला, आणि पुढे १९७६ चा राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ चे पॅरिसचे प्रदर्शन, २०११ ची पद्मश्री हे सगळे झाले. दिल्लीत रिझर्व्ह बँकेच्या दाराशी रामकिंकर बैज यांचे यक्ष आणि यक्षी उभे आहेत. तेही निवडून, नाव घेऊन दिलेले काम. पुरे व्हायला दहा वर्षांहून अधिक लागली, १९६७ उजाडले, यक्षीच्या नग्नतेवरून संसदेत प्रश्नही विचारला गेला. पण बँकेने शिल्पकार बदलला नाही.

मामा : कुलकर्णी एक होता. प्रत्येक तालुक्यात कुठून आणायचा तसा? आणि रिझर्व्ह बँकेला दहा वर्षं थांबता येतं. इथं ३१ मार्चला निधी परत जातो.

भाची : कुलकर्णी नको. ग्रामसभा आहे ना. पेसा कायदा १९९६ चा. रूढी, परंपरा, सांस्कृतिक ओळख जपायचा अधिकार ग्रामसभेचा, असं त्यात सरळ लिहिलंय. जव्हार, मोखाडा दोन्ही अनुसूचित क्षेत्रात येतात. मग चित्र कोण काढणार हे पालघरला का ठरावं? आठवडी बाजाराच्या दिवशी ज्यांना काढायचंय त्यांना एकेक मीटर भिंत द्या. एका दिवसात काढू दे. बाजाराला आलेली माणसं बघतील, ग्रामसभा ठराव करेल. ठराव म्हणजे कागदच की. लावा फाइलीला.

मामा : ग्रामसभेत मेहुणा नसतो?

भाची : असतो. पण भिंतीवर त्याची रेघ सगळ्यांसमोर असते.

मामांनी हे लगेच मानले नाही. त्यांनी एक हिशेब मांडला, आणि मला वाटते अख्ख्या वादात हातात घेण्यासारखी गोष्ट त्यांनीच सांगितली.

मामा : बरं, समज ठराव झाला. पैसे कसे द्यायचे? चौरस मीटर नको म्हणतेस. मग ऐक, मोजमाप पुस्तिकेत पहिलाच रकाना नग आहे. कितीतरी वस्तू नगावर जातात. चित्रही एक नग धर. एक चित्र, एक रक्कम, ठरावात नाव. लहान काढलं तरी तेवढेच, मोठं काढलं तरी तेवढेच. मग छापा मारून भिंत भरायचं कारणच उरत नाही. मात्र ते मूळ अंदाजपत्रकात पाहिजे, तांत्रिक मंजुरीच्या आधी. इमारत झाल्यावर आठवण झाली की ते रंगकामातच जाणार.

भाची : आधी धरलं तर भिंतही चित्रासाठी बांधता येईल. आत्ता सिमेंटच्या गिलाव्यावर ॲक्रिलिक मारतात. दुसऱ्या पावसाळ्यात ओल धरते, खपल्या पडतात, तारपेवाला शेवाळात जातो. आपला कुड कारवीचा. त्यावर माती आणि शेण, त्यावर गेरू, त्यावर तांदळाच्या पिठाचं पाणी आणि बांबूची चावलेली काडी. तो श्वास घेतो. इमारतीच्या आत, व्हरांड्यात, पाऊस लागणार नाही अशी एक मातीची भिंत ठेवा.

मामा : मातीची भिंत टिकेल किती? दोष दायित्व कालावधी असतो. त्या काळात खराब झालं तर ठेकेदारानं दुरुस्त करायचं. तुझ्या पिठाच्या पाण्याची हमी कोण देणार?

भाची : कोणीच नाही. ते पुसायचंच असतं. घरात लग्न निघालं की भिंत पुन्हा सारवतात, पुन्हा काढतात. जुनं जपून ठेवायची चाल आपल्यात कधी होती? दर दोन पावसाळ्यांनी नवीन काढू दे. वेगळ्या बाईला मिळेल, वेगळ्या पाड्याला मिळेल.

इथे अभियंत्याचा स्वाभाविक विरोध अपेक्षित होता. शासनाला मालमत्ता हवी असते, आणि पुसायचे चित्र ही मालमत्ता कशी होणार? पण मामांनी चाळीसेक वर्षे इमारती सांभाळल्या आहेत. कोणतीही इमारत दर काही वर्षांनी रंगवावीच लागते, त्यासाठी देखभाल दुरुस्तीचे लेखाशीर्ष आहे, त्यात रंगरंगोटी आहे. चित्र त्याच लेखाशीर्षात बसते, असे ते म्हणाले. माझ्या मते हा उपाय एकदाच दिल्या जाणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा पुष्कळ चांगला आहे. एकदाच मिळणाऱ्या कामाभोवती वशिला जमतो. फिरून येणाऱ्या लहान कामात हात तयार होतात, आणि आश्रमशाळेतली मुलगी चौदाव्या वर्षी भिंत बघते ती विसाव्या वर्षी काढू शकते.

मग मामांनी तो प्रश्न काढला, जो मी टाळू शकत नाही.

मामा : हे सगळं ठीक. पण वावर-वांगणी विसरलीस? १९९२ साली याच जव्हार तालुक्यात कुपोषणानं पोरं गेली. मंत्री आले, देशभरच्या वर्तमानपत्रात आलं. अजूनही उन्हाळ्यात मोखाड्यात टँकर लागतात. दिवाळी झाली की अर्धे पाडे वीटभट्टीवर जातात. तिथं मी भिंतीवर चित्र काढायला पैसे मागू? माझी जीभ रेटली नसती.

भाची : मामा, चित्राला पैसे नकोत असं तुम्ही म्हणत असाल तर मी उठते. पण चित्रं आत्ताही काढतातच. पैसे आत्ताही जातातच. ते ठेकेदाराला जातात. मी जास्त मागत नाही, तेच बाईला द्या म्हणते. आणि तुम्ही म्हणालात तेच काढू दे ना भिंतीवर. टँकर काढू दे. डोक्यावर तीन हंडे घेतलेली रांग काढू दे. मोखाड्यातल्या मध्य वैतरणा धरणातून मुंबईला दिवसाला ४५ कोटी लिटर पाणी जातं. धरण, ती जलवाहिनी आणि शेजारी कोरडी विहीर. आमच्या वर्गातली मुलं अशी चित्रं काढतात, कोणी न सांगता. ट्रक काढतात, त्यात आई-बाप आणि कोंबडी, भट्टीवर निघालेले.

मामा : शासनाच्या भिंतीवर? उद्घाटनाच्या आदल्या रात्री चुना फिरेल त्यावर.

कुपोषणाच्या प्रश्नाला भाचीने दिलेले उत्तर मला पूर्ण वाटत नाही. ज्या घरात मूल उपाशी आहे त्या घराला भिंतीवरच्या टँकरचा काय उपयोग, हे विचारायचा हक्क कोणालाही आहे. मला एवढेच म्हणता येते की पैसा खर्च होतोच आहे आणि तो या भागाचे हसतमुख, नाचते, कधीच उपाशी नसलेले चित्र रंगवण्यात खर्च होतो आहे. दाखला मागायला आलेल्या माणसाला कचेरी सांगते की तू नाचतोस, मजेत आहेस. ते खोटे चित्र काढण्यापेक्षा कोरी भिंत बरी.

चुन्याचे मामांचे म्हणणे मात्र अगदी खरे आहे, आणि त्याला कायद्यात उत्तर आहे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी ब्राँझचे भित्तिशिल्प केले. काम १९५७ मध्ये सरकारनेच दिलेले. १४० फूट लांब, ४० फूट उंच, खेड्यातल्या माणसांचे आयुष्य त्यात होते. १९७९ मध्ये नूतनीकरण करताना ते उखडून गोदामात टाकले, त्यांना न विचारता. सहगल न्यायालयात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ चा आधार घेऊन निकाल दिला की कलाकृती विकली तरी तिची मोडतोड होऊ नये हा कलावंताचा हक्क त्याच्याकडेच राहतो. उरलेले तुकडे परत द्या आणि ५ लाख रुपये भरपाई द्या, असा आदेश झाला. सहगल नामवंत होते, वकील करू शकत होते. मोखाड्यातल्या खोडाळ्याच्या बाजूच्या पाड्यावरची बाई वकील कोणता करणार? म्हणून हे करारातच लिहिलेले हवे. ठरलेल्या मुदतीआधी चित्र पुसायचे असेल तर काढणारीला आणि ग्रामसभेला विचारायचे. पुढचे चित्र काढण्यासाठी पुसायचे असेल तर प्रश्नच नाही.

मामांनी हे कलम लिहून घेतले. मग त्यांनी स्वतःची एक इच्छा बोलून दाखवली. प्रवेशद्वारासमोर चौक हवा, मध्ये पालघट देवी, शेजारी पंचशिऱ्या देव. इमारतीला शुभ.

भाची : नाही. तो नाही.

मामा : का? आपलाच देव ना?

भाची : म्हणूनच. चौक घरात, आतल्या भिंतीवर, लग्नाला. सवाशिणी काढणार, धवलेरी गाणार, भगत असणार. ते सगळं नसताना नुसता चौकोन काढला तर तो कशाचा चौक? त्याच्यासमोर उद्या कोणी पिचकारी मारणार, खाली फाइलींचं कपाट लावणार. तुम्हीच म्हणालात, आईच्या लग्नात चौक झाकून ठेवला होता भगत येईपर्यंत. आणि आता तो जिल्हाधिकाऱ्यांच्या दौऱ्याला उघडा?

मामा : आणि इमारत काय फक्त वारल्यांची? इथं कोकणा आहेत, ठाकर आहेत, कातकरी आहेत. महादेव कोळ्यांचं तर जव्हारला राज्य होतं. त्या मुकणे राजांच्या गावात सगळीकडं वारली चित्रच का, असं ते विचारतील तर काय सांगशील?

भाची : बरोबर विचारतील. सरकारला आदिवासी म्हटलं की वारली चित्रच सुचतं, कारण ते छापायला सोपं आहे. मोखाड्याचा बोहाडा आहे. सोंगांचे मुखवटे करणारे हात आहेत अजून. तारपा करणारे आहेत, भोपळा सुकवून, मेण लावून. कातकऱ्यांकडं काय आहे ते त्यांनाच विचारूया, आपण ठरवायला नको. नग म्हणालात ना, मग मुखवटाही नगच. फक्त बोहाड्यात नाचवलेला, पुजलेला मुखवटा मागू नका. नवीन करून घ्या.

बोलणे इथपर्यंत आले तेव्हा दोघांच्या हातात एक कच्चे कलमपत्र तयार होते. एका व्हरांड्यात मातीची भिंत. मूळ अंदाजपत्रकात नगाची तरतूद. निवड बाजाराच्या दिवशी, ठराव ग्रामसभेचा. पैसे थेट काढणारीच्या खात्यात, ठेकेदाराकडून नाही. विषय तिचा. दर दोन पावसाळ्यांनी नवे चित्र, देखभालीच्या लेखाशीर्षातून. चौक नाही. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्यानंतर या भागात कचेऱ्या बांधल्या गेल्या, अजून बांधल्या जातील, त्यातल्या एका इमारतीवर हे करून बघायला नवा कायदा लागत नाही. एखादा उपअभियंता आणि एखादी ग्रामसभा पुरे.

एका गोष्टीवर मात्र त्यांचे जमले नाही. कोनशिलेवर पालकमंत्र्यांचे नाव असते, खासदारांचे, आमदारांचे, अध्यक्षांचे, कार्यकारी अभियंत्यांचे. भाची म्हणाली, चित्र काढणारीचे नाव त्याच दगडावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, पाड्याच्या नावासकट. मामा म्हणाले, राजशिष्टाचार असतो, कोनशिलेचा मजकूर वरून मंजूर होऊन येतो, चित्राखाली वेगळी पाटी लावू. भाची म्हणाली, वेगळी पाटी रंग देताना पहिली निघते. शिवाय चित्रकार दर दोन वर्षांनी बदलणार, मग दगडावर नाव कोणाकोणाचे, असे मामांनी विचारले. तिने उत्तर दिले की खाली जागा मोकळी सोडा, नावे कोरत जाऊ. मामा म्हणाले, असा दगड मी आजवर कोणत्याही शासकीय इमारतीवर पाहिलेला नाही. ती म्हणाली, मग नमुना काढून द्या, तुम्हाला आराखडे काढता येतात.